सुगलाक्कांची वरची भाकरी

सुगलाक्का भाकरी कानाने बघत.

कडक भाकऱ्यांची चळत समोर आली की त्यातली एक उचलायची, डाव्या कानाशी धरायची आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने तिला टिचकी मारायची. आवाज टणक आला तर भाकरी चळतीत परत, जरा बसका आला तर पुन्हा तव्यावर. हे करताना त्या डोळे मिटून घेत आणि चेहरा असा गंभीर करत की समोरच्या गिऱ्हाइकाची बोलायची हिंमत होत नसे. एवढ्या बारकाईने माझी छाती कुठल्या डॉक्टरनेही आजवर तपासलेली नाही.

आमच्या गावातल्या भवानी पेठेत, पुण्यातल्या नव्हे, त्यांचं दुकान होतं. पुढे लाकडी काउंटर, मागे चुली आणि चुलींपुढे आठ बायका. ज्वारीची आणि तीळ लावलेल्या बाजरीची कडक भाकरी, आणि उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, एवढाच माल. दुकानाच्या वरच्या खोलीत माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. थापण्याचा आवाज आणि भाजल्याचा वास दिवसभर जिन्याने वर येई. माझे विद्यार्थी कीबोर्डचे उपयोग लिहिता लिहिता भुकेने कासावीस होत आणि मी त्यांना रागावत असे, कारण मलाही भूक लागलेली असे.

अक्का माहेरच्या अक्कलकोटच्या पलीकडच्या. घरात कानडी बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. वाचता मात्र फक्त कानडी येई, तेही चौथीपर्यंतचं. कपाळावर विभूतीचे पट्टे, कोपरापर्यंत पीठ, आणि बोलण्यात कुणाचाही मुलाहिजा नाही. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि येताना किंचाळत, घरघरत यायचं. पहिल्याच दिवशी ते ऐकून अक्कांनी खालून आवाज दिला होता, "ओ सर, तुमचं मशीन कच्चं हाय. आवाज नीट न्हाय त्येचा!"

मला राग आला. पण खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. ते मशीन दर दहा मिनिटांनी बंद पडायचं.

दहावीचा निकाल पहिल्यांदा पडद्यावर दिसू लागला, त्या वर्षी अर्धी पेठ माझ्या जिन्यात उभी होती. मी वरून एकेकाचे गुण ओरडून सांगत होतो. पास झालेली मुलं उड्या मारत खाली उतरत होती आणि नापास झालेली भिंतीला घासत. संध्याकाळी मी खाली आलो तर अक्का नापास मुलांना रांगेत बसवून भाकरी-चटणी वाढत होत्या. मी म्हणालो, "अक्का, पास झालेल्यांना काहीच नाही?"

"त्येनला पेढे द्यायला त्येंची आई हाय की," अक्का म्हणाल्या. "ह्येनला आज घरी गेल्यावर कोण वाढणार हाय?"

अक्कांची एक रीत होती आणि तिच्यासाठीच मी हे सगळं लिहितो आहे. डझनभर भाकरी घेतली की बारा मोजून झाल्यावर अक्का आणखी एक उचलत, तिचा आवाज घेत आणि पुड्यावर ठेवत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, मोजण्यात चूक झाली. तो ती परत करायला लागला की अक्का सांगत, "बारा तुमी घेतल्या. ही मी दिली." त्यांच्या सासूबाई तशी देत, सासूबाईंच्या सासूबाईही देत म्हणे. त्या वरच्या भाकरीवर पेठेत कुणी कधी वाद घातला नव्हता. तो घालणारं मशीन पुढे यायचं होतं.

मग रस्ता रुंद झाला. दुकानाचा पुढचा भाग गेला, काउंटर गेला, वर जायचा माझा जिनाही मागच्या बोळातून निघाला. चुली मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिल्लक राहिल्या, पण तिथे भाकरी मिळते हे रस्त्यावरच्या माणसाला कळणार कसं? आठ बायकांच्या पाच झाल्या, पाचच्या तीन. उरलेल्या तिघींमध्ये एक होती अक्कांची सून सविता आणि दुसरी शेजारची परवीन. सविता माळशिरसची, उसाच्या फडाशेजारी वाढलेली, बारावी झालेली. परवीनचा नवरा टेम्पो चालवायचा. ज्या पाच जणी घरी बसल्या, त्यांची नावं अक्का रोज सकाळी चूल पेटवताना घेत. देवाचं नाव घ्यावं तशी एकेक, सावकाश. त्यांना परत आणायचं, एवढाच एक ध्यास त्या बाईने घेतला होता.

एक दिवस माझा डबा द्यायला अक्का वर आल्या. एक विद्यार्थिनी पडद्यावर साड्या बघत बसली होती. अक्का तिच्या मागे उभ्या राहिल्या.

"ही साडी कुटली?"

"सुरतेची, अक्का. इथे बोट लावलं की घरी येते."

अक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, ह्यात सुरतेची साडी मावती, तर माजी भाकरी का मावंना?"

दुसऱ्या दिवशी त्या क्लासात नाव घालायला आल्या. पन्नाशी ओलांडलेली माझी ती पहिली विद्यार्थिनी, आणि सगळ्यात त्रासदायकही. हाताला थापायची सवय. बटण दाबायचं म्हणजे त्या तळव्याने दाबत, आणि एका फटक्यात सात अक्षरं उमटत. दोन कीबोर्डांत इतकं पीठ गेलं की त्यातून बटणं वर येईनात. इंग्रजी अक्षरं लक्षात राहीनात, तेव्हा एका दुपारी त्यांनी चिठ्ठ्यांवर कानडी अक्षरं लिहिली आणि खळ लावून सगळ्या बटणांवर चिकटवून टाकली. संध्याकाळच्या तुकडीने आल्या आल्या बोंब मारली. मी संतापून खाली गेलो.

"अक्का, तो कीबोर्ड सगळ्यांचा आहे!"

"मग त्येनला बी येऊ दे की थोडं कानडी," अक्का म्हणाल्या आणि माझ्या हातात गरम भाकरी ठेवली. ती हातात असताना माणसाला रागावता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण शिकल्या. सहा महिन्यांत फोटो काढायला शिकल्या, तो चढवायला शिकल्या, सविताच्या मदतीने माहिती लिहायला शिकल्या. ऑनलाइन विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत त्यांच्या भाकरीला जागा मिळाली. पहिलं पाकीट नागपूरला गेलं. चुरा होऊ नये म्हणून परवीनने ते असं बांधलं होतं की उघडायला गिऱ्हाइकाला सुतार बोलवावा लागला असेल. चार दिवसांनी त्या नागपूरच्या बाईंचा निरोप आला. सविताने तो वाचून दाखवला तेव्हा अक्का हसून हसून भिंतीला टेकल्या. निरोप असा होता: भाकरी उत्तम, पण चुकून एक जास्त आली आहे, परत पाठवू का?

"काय लोकं हायती," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "आता प्रत्येकाला सांगत कुटं बसू?"

त्यावर सविताने तोड काढली. वरची भाकरी वेगळ्या कागदात गुंडाळायची आणि त्यावर मराठीत आणि कानडीत लिहायचं: 'बारा तुम्ही घेतल्या. ही मी दिली. सुगलाक्का, भवानी पेठ.' कुणाला काही विचारायचं असलं तर म्हणून खाली घरचा फोन नंबर. मी त्या कागदाकडे फारसं लक्ष दिलं नाही. मला वाटलं, बायकांची हौस आहे.

ऑर्डरी वाढल्या. तिघींच्या पाच झाल्या, पाचच्या आठ. ज्या दिवशी आठवी बाई कामाला परत आली, त्या सकाळी अक्कांनी नुसती चूल पेटवली, नावं घेतली नाहीत. मी जिन्यात उभा होतो आणि मला फार बरं वाटलं.

मग संक्रांत आली. भोगीची बाजरीची भाकरी म्हणजे अक्कांचा हंगामच. पाकिटांची थप्पी शेडच्या पत्र्याला लागली होती आणि नेमक्या त्या आठवड्यात कंपनीने अक्कांचं पडद्यावरचं दुकान बंद केलं. सविता फोन घेऊन धावत वर आली. पडद्यावर अक्कांचं पान करडं पडलं होतं आणि खाली इंग्रजीत चार ओळी. मी जुने निरोप उघडले. महिनाभर इंग्रजीत इशारे येत होते आणि ती जाहिरात समजून कुणी वाचले नव्हते. कंपनीच्या गोदामात पाकिटांचं वजन करणारं एक मशीन होतं. लिहिलेल्या वजनापेक्षा अक्कांचं प्रत्येक पाकीट जड भरत होतं. बरोबर एका भाकरीने.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत बोलत होती, म्हणून अक्कांनी परवीनला पुढे केलं. परवीन म्हणाली, "मॅडम, अम्मा बोल रई, कम दिये तो पकडना था. जास्ती दिये तो गुन्हा कायकू?" ती मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली, पाकिटावर लिहिलंय तेवढंच आत हवं, कमी नाही आणि जास्तही नाही.

मला उत्तर सोपं वाटलं. मी म्हणालो, "अक्का, तेरा लिहू. वजन तेराचं लिहू. झालं काम."

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना ज्वारीत मैदा मिसळायला सांगितला. "सर, लिवली की ती त्येंच्या हक्काची झाली. मग मी काय दिलं? मग मला चौदावी घालावी लागंल."

"चौदा लिहू मग!"

"मग पंधरावी."

सविता हळूच म्हणाली, "आत्या, अकरा मोजून घालू आन् वर एक. बारा भरत्याली."

"म्हंजे त्येचीच एक काढून त्येलाच द्यायची?" अक्का कडाडल्या. "येप्पा! आन् वर चिठ्ठी कुटली लावायची, चोरून आणली म्हणून?"

मी चिडलो. शेडमध्ये आठ बायका हात थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "अक्का, एका भाकरीसाठी ह्या आठ जणींना पुन्हा घरी बसवणार आहात का? कंपनीचा नियम आहे!"

"नियम त्येंचा हाय," अक्का म्हणाल्या. "भाकरी माजी हाय." मग त्या बायकांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बायांनो, तुमी सांगा. वरची बंद करू?"

परवीनने समोरचा पिठाचा उंडा उचलला आणि थापायला लागली. तिच्या मागोमाग दुसरी, तिसरी. शेड पुन्हा त्या आवाजाने भरून गेलं. मला मात्र वाटलं, ह्या सगळ्या जणी वेड्या झाल्या आहेत. पाकिटं कुणासाठी बांधणार? मी वर जाऊन बसलो. वाईट वाटत होतं आणि रागही येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला अक्कांच्या घरचा फोन वाजला. नागपूरच्या त्याच बाई होत्या. त्यांना भोगीला भाकरी हवी होती, पान सापडेना, म्हणून त्यांनी मागच्या पाकिटातला वरच्या भाकरीचा कागद शोधून काढला होता. कागद त्यांनी ठेवला होता, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. त्या बोलत असतानाच दुसरा फोन येत होता. दुपारपर्यंत तो फोन इतका तापला की सविता त्याला पदराने वारा घालत होती. पुणे, हुबळी, हैदराबाद, इंदूर. लोकांनी ते कागद फडताळात, पर्समध्ये, डब्यांच्या झाकणांत जपून ठेवले होते. एकाने तर त्या कागदाचा फोटो आपल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. ज्या भाकरीने दुकान बंद पाडलं होतं, तिच्याच कागदाने ते उघडलं.

मी खाली गेलो, वही घेतली आणि पत्ते उतरवायला बसलो. थोड्या वेळाने अक्कांनी माझ्या पुढ्यात भाकरी ठेवली, टिचकी मारून. माझी मान वर होईना. आयुष्यभर मी त्या यंत्राची बटणं शिकवली, पण त्याच्या पलीकडे माणूस बसलेला असतो आणि त्याला दिल्याची आठवण राहते, हे मला त्या शेडमध्ये कळलं.

त्या संक्रांतीला एकही पाकीट उरलं नाही. पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने अक्कांच्या दुकानाचं स्वतंत्र पान बनवून दिलं, मराठी आणि कानडी. त्यावर अक्कांचा एक व्हिडिओ होता. त्या काही बोलत नाहीत, नुसती भाकरी कॅमेऱ्याजवळ आणतात, टिचकी मारतात आणि मोडतात. 'कटक्' असा आवाज येतो आणि संपतं. तो आवाज ऐकायला लोक तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत. ज्वारीसाठी अक्कांनी केम गावच्या शेतकऱ्यांशी फोनवरच सूत जमवलं. ज्वारीचा फोटो आला की त्या सविताकडून लिहून पाठवत, 'फोटो नको, मूठभर दाणे पत्र्यावर टाका आन् आवाज पाठवा.' शेडमधल्या बायका आठाच्या वीस झाल्या. बोळातल्या इतर घरांनीही चटणी, कुरडया, पापड पडद्यावर चढवले. त्यांना शिकवायला अक्का स्वतः जात, आणि कीबोर्डवर कानडी चिठ्ठ्या डकवून येत. त्या मोठ्या कंपनीचा पुन्हा एकदा निरोप आला होता म्हणे, परत या म्हणून. अक्कांनी एकच अट घातली. ती मान्य झाली नाही आणि अक्कांना त्याचं सोयरसुतकही नव्हतं.

माझा क्लास मात्र बंद पडला. निकाल, फॉर्म, शिकवणी, सगळं लोकांच्या खिशातल्या फोनवर आलं. ज्या इंटरनेटने मला जेवू घातलं, त्यानेच माझी खोली रिकामी केली. तक्रार नाही. शेवटच्या दिवशी मी संगणक हलवत होतो, तेव्हा अक्का वर आल्या. कानडी चिठ्ठ्यांचा तो जुना कीबोर्ड त्यांनी मागून घेतला आणि पदराने पुसला. "सर, ह्यो माज्या चुलीपाशी राहू दे. नव्या बाया इच्यारतील, अक्का, तुमची शाळा कुटली? त्येनला दाखवीन." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मी पुण्याला मुलाकडे राहायला आलो. अक्कांची भेट नाही. मग गेल्या हिवाळ्यात बायकोने सांगितलं की सुगलाक्का दर रविवारी सकाळी पडद्यावरून भाकरी शिकवतात. तिने नाव घातलं होतं, पण त्या रविवारी ती लग्नाला गेली. मी तिच्या नावाने बसलो, कॅमेरा बंद करून.

पडद्यावर चाळीस चौकोन होते. एकीच्या मागे खिडकीत बर्फ दिसत होतं. एक गृहस्थ टाय लावून परातीपुढे बसले होते. मधल्या चौकोनात अक्का. केस पांढरे झालेले, विभूतीचे पट्टे तसेच, आणि मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला माझा कीबोर्ड. आधी मागच्या आठवड्याच्या गृहपाठाची तपासणी होती. प्रत्येकाने आपली वाळलेली भाकरी फोनजवळ धरायची आणि टिचकी मारायची. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. "दिल्लीच्या ताई, कच्ची हाय. परत भाजा. टायवाले दादा, लई भारी!" टायवाले दादा लाजून लाल झाले.

माझी पाळी आली. बायकोने केलेली भाकरी ठेवलेली होती, पण मला खोटं बोलवेना. आदल्या दिवशी मी स्वतः केलेली, जरा वाकडी भाकरी फोनजवळ धरली आणि टिचकी मारली. अक्कांनी डोळे मिटले. मग कपाळाला आठ्या पाडल्या.

"ह्यो बाईचा हात न्हाय. थापलेली न्हाय ही, बटनं दाबल्यावानी दाबली हाय." त्यांनी डोळे उघडले. "सर, तुमी व्हय? ते कॅमेऱ्याचं बटन दाबा आधी. एवढी वर्सं आमाला शिकवलं आन् स्वतःच इसरला?"

मी कॅमेरा चालू केला. चाळीस चौकोनांतली माणसं माझ्याकडे बघत होती. अक्कांनी भिंतीवरच्या कीबोर्डकडे बोट केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे माजे सर." मग लगेच मला म्हणाल्या, "पानी जास्त झालंय तुमचं. उंडा घट्ट मळा."

पुढचा तासभर त्यांनी मला झाडून काढलं. माझी पहिली भाकरी फाटली, दुसरी तव्याला चिकटली. तास संपला. माणसं हात पुसून फोन बंद करायला लागली, तेवढ्यात अक्कांनी हात वर केला.

"थांबा की. तुमचा तास झाला. आता माजी वरची एक."

कुणीही उठलं नाही. चाळीस घरांत पुन्हा परातीत पीठ पडलं, त्या बर्फाच्या खिडकीपाशीही पडलं. अक्का थापू लागल्या आणि त्यांच्यामागून आम्ही सगळे. माझी त्या दिवशी वरचीच तेवढी चांगली झाली.